एउलालियाच्या नऊ संध्याकाळी

"ओळ संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. देवीला अर्ध्या ओळीवर जाग आली, तर दिवसभर ती अर्धवट झोपेतच राहते."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हेमांगी पहाटे डोळे मिटून बसली की हा आवाज अगदी पाठीशी उभा राहायचा. आजही राहिला. स्पेनच्या उत्तरेकडे, आल्देरोसा नावाच्या ओसाड गावात, परक्या घराच्या कोठीच्या फळीवर तिनं घरच्या देवीवरून घडवून आणलेला टाक मांडला होता. समोर निरांजन लावलं, हात जोडले आणि भूपाळी सुरू केली.

"ऊठ गे माये, उजळल्या वाटा,
न्हाली तुळस, धुतला ओटा..."

आणि तिथंच ती थांबली. 'माये'मधला 'ये' लांबवत न्यायचा, त्याच्यावर स्वार होऊन पुढचा शब्द यायचा, अशी ती चाल. पण 'मा'वर हातोडी पडल्यासारखा जोर बसला आणि 'ये' तुटून खाली पडला. ओळ आखूड झाली. श्वास उरला आणि शब्द संपले. तिसरी ओळ काय, हे तिला आठवेना.

तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तेच झालं. मग देवीला नमस्कार करून ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं.

ही भूपाळी कुठल्या पुस्तकात नव्हती. देवरुखाजवळच्या त्यांच्या वाडीत, एका घरात, सासूकडून एका सुनेकडे ती चालत आलेली. एकीकडेच द्यायची, कागदावर उतरवायची नाही, यंत्रात भरायची नाही, असा दंडक. घरात सुना दोन. थोरल्या वसुधावहिनींना मूलबाळ नाही, त्या पुढं कुणाला देणार, म्हणून सासूबाईंनी ती धाकट्या हेमांगीला दिली. त्या दिवसापासून वहिनींनी हेमांगीशी वाद घातला नाही की लळा लावला नाही. पुढं दोघींचे नवरे गेले, हेमांगीचा मुलगा बोटीवर नोकरीला लागला आणि घरात दोन जावा उरल्या. एक स्वयंपाकघरात गेली की दुसरी ओसरीवर यायची. त्या घरातल्या शांततेला कंटाळून हेमांगीनं परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याचं काम धरलं. शांतता इथंही होतीच. पण ही कुणी मुद्दाम केलेली नव्हती, गावात माणसंच उरली नव्हती.

स्पॅनिश ती तालपट्टीमुळं शिकली. पन्नाशीला आलेल्या बाईनं दीड महिन्यात परकी भाषा बोलावी, ही एरवी होणारी गोष्ट नव्हे. पण त्या काळात ती सर्रास होऊ लागली होती.

तालपट्टीमागचं शास्त्र समजायला सोपं होतं. माणूस बोलतो तेव्हा अक्षरांच्या लाटा येतात, सेकंदाला चार-पाच-सहा. ऐकणाऱ्याच्या मेंदूतही त्याच वेगाच्या लाटा उठतात आणि बोलण्याशी जुळतात. जुळल्या की शब्द सुटे सुटे होऊन कळतात, नाही तर सगळा गलका. मूल आईच्या पोटात असतानाच तिच्या भाषेचा ठेका ऐकतं, शब्द फार नंतर येतात. मोठ्या माणसाला परकी भाषा जड जाते ती मुख्यतः या पहिल्या ठेक्यामुळं. तो दारात बसलेला असतो आणि नव्या ठेक्याला आत येऊ देत नाही. तालपट्टी कानामागं बसवायची. ती अगदी क्षीण विद्युत्स्पंद देऊन जुना ठेका हळूहळू दाबायची आणि नव्याला वाट करून द्यायची. त्यासाठी आधी माणसाचा स्वतःचा ठेका नोंदवावा लागे. म्हणून रत्नागिरीच्या केंद्रात प्रत्येकीकडून अर्धा तास मराठी वाचून घेतलं होतं. स्वयंपाकघरातली सुरक्षितता असा काहीसा विषय होता.

मग स्पॅनिशचा ठेका. आपला कान अक्षराची लांबी मोजतो, ऱ्हस्व किती, दीर्घ किती. स्पॅनिश कानाला लांबीचं विशेष काही नाही. त्याला सगळी अक्षरं साधारण सारखीच, फक्त शब्दात एका अक्षरावर आघात. तो आघात योग्य जागी पडला की कानामागं मोराचं पीस फिरल्यासारखं व्हायचं, चुकला की काहीच व्हायचं नाही. एवढ्यावर मेंदू शिकायचा.

पण तो आघात कुठं आणि का पडतो, हे हेमांगीला पट्टीनं कधी सांगितलं नाही. ते एउलालियाबाईंनी सांगितलं.

एउलालिया त्या गावच्या शाळेत आयुष्यभर शिकवत होत्या. मुलं संपली, शाळा मिटली, बाई घरात राहिल्या. दृष्टी अधू झालेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र धडधाकट. हेमांगी आली त्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "माझं नाव घे बघू."

"ए-उ-ला-ली-या."

"पाच? एवढी लांब मी नाही. एउ-ला-लिया. तीन." त्यांनी चमच्यानं टेबलावर तीनदा वाजवलं, मधला ठोका जोरात. "दोन स्वर गळ्यात गळा घालून येतात तेव्हा त्यांना वेगळं करू नये. पाप लागतं."

"आणि मारिया?"

"मा-री-आ. तिथं दोघांचं पटत नाही, म्हणून वेगळं घर. मारियो, मा-रियो, ते नांदतात."

हेमांगीच्या नावातला 'ह' तिथं कुणाला ऐकू येत नसे आणि 'गी'ची 'खी' होई. बाई तिला 'एमांखी' म्हणायच्या. त्यातही 'मां'वर ठोका.

दुपारी जेवण झालं की दोघी खिडकीशी बसत. बाईंना शिकवल्याशिवाय चैन पडत नसे. "शब्दाचं शेवटचं अक्षर स्वर असेल, नाही तर न किंवा स, तर ठोका शेवटून दुसऱ्यावर. बेन-ता-ना, खिडकी. बाकी कशानं संपला तर शेवटच्यावर. रे-लोख्, घड्याळ. आणि जो नियम मोडणार, त्यानं डोक्यावर टोपी घालून यायचं. पा-खा-रो, पाखरू. त्याच्या 'पा'वर तिरकी रेघ असते. लांबूनच कळतं, हा आगाऊ आहे."

"आमच्याकडं आगाऊ माणसाला टोपी नसते हो. म्हणून ओळखू येत नाही," हेमांगी म्हणाली. बाई हसता हसता खोकल्या.

शेजारी सातुर्निनो म्हणून एक जख्ख म्हातारा होता. कानानं कमी. तो संध्याकाळी दारात येऊन ओरडायचा, "आज खाते का ही, की आजही उपास?"

"आज चतुर्थी आहे," हेमांगी सांगायची.

"परवा सोमवार होता. देवाचं एवढं खातं उघडलंयस, तो फेडणार कसा?"

"तू कधी काही केलं नाहीस, म्हणून त्याला तेवढीच सवड मिळते," बाई आतून म्हणायच्या. ते त्याला बरोब्बर ऐकू जायचं.

एका दुपारी बाईंनी विचारलं, "पहाटे तू काहीतरी म्हणतेस. मला भिंतीतून ऐकू येतं. काय आहे ते?"

हेमांगीनं सांगितलं. देवीला उठवायचं गाणं. रोज. आजारी असले तरी.

बाईंनी तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडं माणूस गेलं की दफनाच्या दिवसापासून नऊ संध्याकाळी त्याच्या घरी जपमाळ म्हणतात. एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. पुढं म्हणणारी बाईमाणूस असते. माझ्या आईची मी म्हटली, बहिणीची मी म्हटली, अर्ध्या गावाची मीच म्हटली. आता माझी कोण म्हणणार? पाद्री महिन्यातून एकदा येतो. भाचा बार्सेलोनाचा, त्याला देवाचं नाव फक्त ठेच लागल्यावर आठवतं. सातुर्निनोला ऐकू येत नाही, तो आमेन भलत्याच जागी म्हणेल. वरच्या गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्यांना मागून म्हणता येतं, पुढं नाही."

"मी तुमच्या धर्माची नाही."

"ते मला दिसतं. अगदीच आंधळी नाही झाले अजून. पण नेम पाळणारं माणूस या गावात तू एकटीच आहेस."

हेमांगीनं त्यांचा हात हातात घेतला. "म्हणेन मी. नऊच्या नऊ."

त्यानंतर रोज जेवण झाल्यावर बाई तिच्याकडून त्या प्रार्थना घोटून घेऊ लागल्या. ठोका, अक्षर, ठोका. कानामागं मोरपीस फिरायचं. हेमांगीला ते शब्द आवडू लागले होते. आणि त्याच दिवसांत पहाटेची भूपाळी तुटायला लागली.

पंधरा दिवस ती वयाला दोष देत राहिली. आज मात्र तिनं पट्टीवाल्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडं गार्गी नावाची मुलगी होती, आवाजावरून पुण्याची.

"मावशी, एरवी मराठी बोलताना अडतं का?"

"छे. तुझ्याशी बोलतेय की."

"फक्त ते गाणं अडतं." गार्गीनं काहीतरी पाहिलं असावं, कारण थोडा वेळ नुसती कळफलकाची टकटक येत राहिली. "एक विचारू? रत्नागिरीत नमुना वाचताना तुम्ही पोथी वाचल्यासारखं वाचलं होतंत का?"

"वाचा म्हणाले, वाचलं. वाचतात तसं."

"म्हणजे चाल लावून."

"अगं, मांडीवर कागद घेऊन वाचायला बसलं की चाल आपोआप लागतेच."

गार्गीला हसू आलं आणि तिनं ते लगेच आवरलं. "तुमच्या तुकडीतल्या सगळ्या जणींनी तेच केलंय, मावशी. मी आत्ताच तुमचं ऐकलं. 'गॅसची तोटी बंद करावी' हे तुम्ही इतकं गोड म्हटलंय की हात जोडावेत. यंत्राला वाटलं, मराठीचा ठेका म्हणजे हाच. त्यानं तो दाबला. तुमची बोलायची मराठी त्याला माहीतच नव्हती, म्हणून ती सुटली."

"आणि माझी भूपाळी?"

"ती नेमकी सापडली. एका काकूंना आरतीचं तिसरं कडवं ओलांडता येत नाहीये. त्यांचंही तेच."

"पट्टी काढून ठेवली तर?"

"नुसती काढून काही होणार नाही. आत जे बसलंय ते उलट शिकवून उठवावं लागतं. माद्रिदच्या केंद्रात पंधरा दिवस राहायचं. पण नीट ऐका. त्यात स्पॅनिश जाईल, जवळजवळ सगळी. आणि सहा महिन्यांच्या आत करायला हवं, नंतर ते कायमचं मुरतं. तुमचे सहा या महिन्याअखेर भरतात. शेवटची तुकडी सोमवारी सुरू होते."

"सोमवारी," हेमांगी म्हणाली. "नाव घाल माझं."

बाईंना सांगताना तिची जीभ अडखळली. त्या मात्र शांतपणे ऐकून घेत होत्या. "जा. तुझी देवी माझ्याहून जुनी आहे. पंधरा दिवस संस्था दुसरी कुणीतरी पाठवेल, मी तिला छळेन. तू परत आलीस की पुन्हा पहिल्यापासून. एउ-ला-लिया. पट्टीबिट्टी काही नको, चमचा आहे माझ्याकडं."

"आणि ते नऊ दिवसांचं?"

"मी काय सोमवारी मरणार आहे?"

सोमवारी नाही, बाई शुक्रवारी दुपारी गेल्या. खिडकीशी बसल्या होत्या. हेमांगी ताटं विसळून आली तेव्हा मान एका बाजूला कललेली आणि चेहरा कुणीतरी बरोबर उत्तर दिल्यासारखा.

शनिवारी सकाळी दफन झालं. पाद्री आला, घाईनं सगळं म्हणून गेला, त्याला आणखी दोन गावं होती. भाचा आला. चांगला माणूस होता, रडलाही. मग त्यानं घराच्या खिडक्या नीट लागतात का ते पाहिलं आणि हेमांगीला म्हणाला, "तुम्ही सोमवारी जाणारच आहात म्हणे. किल्ली सातुर्निनोकडं द्या."

"नऊ संध्याकाळी?"

तो क्षणभर गोंधळला. "ते आता कोण करतं, सेन्योरा?" आणि गाडीत बसला.

सातुर्निनो थडग्यापाशी टोपी हातात धरून उभा होता. बाकीच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या आधारानं घरी निघाल्या होत्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं राहिलंच नाही, असं सगळ्यांनी धरलेलं दिसत होतं.

घरी येऊन हेमांगीनं आंघोळ केली आणि कोठीत टाकापुढं बसली. सोमवारी गेली नाही, तर भूपाळी तिच्याबरोबर संपली. सासूबाईंच्या सासूच्याही सासूपासून आलेलं तिच्या तोंडात येऊन विझलं. गेली, तर बाईंच्या पहिल्या दोन संध्याकाळी होतील आणि मग अंधार. दोन्हीकडं शब्द तिचाच दिलेला. देवीकडं पाहिलं, तर टाक नेहमीसारखाच शांत. देवी अशा वेळी कधी बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं वसुधावहिनींना फोन लावला. गावी दुपार कलली असेल.

"कोण?"

"मी हेमांगी."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बोल."

"बरं आहे ना सगळं?"

"पन्हळ गळतेय. बाकी बरं. तू उगाच फोन करणाऱ्यातली नव्हेस."

हेमांगीनं सगळं सांगितलं. पट्टी, पोथीची चाल, बाई, सोमवार. सांगता सांगता तिलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागलं. "मला जेवढी राहिलीय तेवढी सांगते वहिनी. तुम्ही धरून ठेवा."

"मी? मला द्यायची नव्हती ना आईंना."

"नव्हती."

"मग?"

"त्या आता नाहीत. मी देते."

हेमांगीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. 'मा'वर जोर, 'ये' तुटला. दुसरी ओळ कशीबशी ओढली. पुढं अंधार.

"तिसरी..." ती म्हणाली. "तिसरी येत नाही."

फोनमध्ये श्वास घेतल्याचा आवाज आला. एकच, खोल. आणि मग वहिनींच्या जाड्याभरड्या आवाजात तिसरी ओळ आली. चौथी आली. पुढचं कडवं आलं. कुठंही न मोडता, प्रत्येक ओळ तिच्या टोकापर्यंत जाऊन, शेवटच्या ओवाळणीपर्यंत.

हेमांगीला शब्द सगळे कळले. पण लांबी पोचेना. अक्षरं तिच्यापाशी येईपर्यंत सारखी होत होती, पायरीपायरीनं येणारी, एकसारख्या उंचीची. ओळखीचं माणूस काचेपलीकडून बोलतंय आणि आपल्याला फक्त ओठ दिसतायत, तसं.

"वहिनी, तुम्हाला कशी..."

"तुम्ही दोघी देवघरात असायच्या, मी मोरीवर भांडी घासायचे. कान बंद करून घासायची काय भांडी?"

"कधी म्हटली नाहीत."

"म्हण म्हणालं का कुणी?" आवाजात राग नव्हता, जुनी सवय होती. "आणि तू गेल्यावर देवीला कोण उठवत होतं वाटलं तुला? ती काय तुझ्या येण्याची वाट बघत झोपून राहणार होती?"

हेमांगीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग आता मी..."

"तू तिथलं बघ. ती बाई एकटीच गेली म्हणतेस. तिचं नीट पार पाड."

"नंतर माझी भूपाळी परत येणार नाही, वहिनी. कायमची गेली असं समजा."

"म्हणायची मी आहे. तू आलीस की बाजूला बस. ऐकता तर येईल ना?"

देवरुखाजवळच्या त्या घरातली ओसरी, कोपऱ्यातलं देवघर, वहिनींच्या पाठीशी बसलेली आपण, आणि कानावर पडणारी ती सपाट, सारखी अक्षरं. हेमांगीला सगळं दिसलं.

"येईल," ती म्हणाली.

"मग झालं. पन्हळ मी बघते," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गार्गीला तिनं एवढंच कळवलं, की सोमवारच्या तुकडीतून नाव काढ. गार्गीचा लगेच फोन आला. "मावशी, नीट विचार केलात ना? नंतर मी काही करू शकणार नाही."

"हो गं बाळ. तू त्या आरतीवाल्या काकूंना माझी जागा दे."

सूर्य डोंगराआड जायला टेकला होता. हेमांगीनं बाईंच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीकडून ओढून गोलात मांडल्या. एक रिकामी ठेवायची का, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ठेवली. मेणबत्ती लावली, जपमाळ घेतली. मग शाल गुंडाळली आणि दार नुसतं लोटून रस्त्यावर आली. गावात वारा होता आणि दुसरं काही नव्हतं.

सातुर्निनोच्या दारावर तिनं थाप मारली. त्याला ऐकू जाईना, तेव्हा खिडकी वाजवली.

"काय झालं आता?"

"संध्याकाळ झाली," ती मोठ्यानं म्हणाली. "एउलालियाबाईंकडं चला."

तो तिच्याकडं बघत राहिला. "पुढं कोण म्हणणार?"

"मी."

त्यानं काही थट्टा केली नाही. आत जाऊन स्वच्छ टोपी शोधू लागला. हेमांगी त्याच्यासाठी थांबली नाही. वरच्या गल्लीत त्या दोन म्हाताऱ्यांची घरं होती आणि चढ होता. मनातल्या मनात पहिल्या प्रार्थनेची अक्षरं सुटी करत, एकेक ठोका जागेवर ठेवत, ती तो चढ चढू लागली.